दळण कोणी दळावे आणि ओवी कोणी गावी

गेल्या माघ महिन्यात भूम तालुक्यातील एका लहान गावी सप्ताहाच्या पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. लागोपाठ चार गावच्या सेवा झालेल्या, त्यात प्रकृतीही बरी नव्हती, त्यामुळे चिंतनास सवड मिळाली नव्हती. आमचा पुतण्या शिकलेला आहे. तो म्हणाला, "आप्पा, काळजी कशाला करता? अभंग तेवढा सांगा, निरूपण यंत्राकडून काढून देतो." आम्ही अभंग सांगितला आणि गोरोबाकाकांचे चरित्र त्यात यावे असे सुचविले. चहा निवण्याच्या आत मोठ्या अक्षरांत छापलेली सहा पाने आमच्या हाती आली.

पाने वाईट नव्हती, हे प्रथमच सांगून टाकतो. त्यांत एक दृष्टान्त असा होता की, ज्याचे मूल गेले तो बाप रात्री दाराची कडी लावण्यापूर्वी सवयीने उंबऱ्याबाहेरची पायताणे मोजतो, आणि एक जोड कमी भरतो म्हणून कडीवरचा हात तसाच ठेवून उभा राहतो. आम्ही तो दृष्टान्त सांगितला. टाळकरी स्तब्ध झाले. मंडपात बायाबापड्यांनी डोळ्यांस पदर लावले. कीर्तन रंगले असे सर्वांनी म्हटले, आणि खोटे कशाला बोला, आम्हांसही ते गोड वाटले.

आरती झाल्यावर एक म्हातारी दर्शनास आली. पाया पडून ती उठली, पण बाजूस होईना. आमचा हात धरून हळूच म्हणाली, "महाराज, तुमचं लेकरू कवा गेलं?"

आमची मुले पांडुरंगाच्या कृपेने सुखरूप आहेत. आम्ही म्हणालो, "नाही माय, आमचं कुणी गेलं नाही." तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. "मग पायताणाचं तुमाला कसं कळलं?" असे तिने विचारले. त्या शब्दांत राग नव्हता, नुसते विचारणे होते. आम्हांस उत्तर सुचले नाही. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला, हे मागाहून विणेकऱ्याने सांगितले.

कीर्तनाच्या गादीवर आमचे केस पांढरे झाले; असा प्रश्न आम्हांस कोणी केला नव्हता. म्हणून हा लेख.

हल्ली एक विचार सर्वत्र ऐकू येतो. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी नावाचे यंत्र लोकांच्या हाती आले आणि मागितले की लेख, कविता, भाषण लिहून मिळू लागले. तेव्हा परदेशातील एका लेखिकेचे म्हणणे 2024 साली जगभर फिरले. त्याचा भाव असा की, यंत्राने माझी भांडी घासावीत, कपडे धुवावेत, म्हणजे मला लिहिण्यास वेळ मिळेल. झाले मात्र उलटेच. आमच्या घरच्या सुनांना हे सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "बाईचं खरंच आहे!" खरे आहेच. लिहिलेल्या शब्दांचे डोंगर जगात आयते साठलेले होते, ते यंत्राला घोटून घोटून शिकविता आले. तळाला करपलेले पातेले किती जोर लावून घासावे, हे ज्ञान मात्र कोठल्याच ग्रंथात लिहिलेले नाही. ते हातातच असते. म्हणून पंडित आधी सापडले आणि मोलकरीण अजून सापडली नाही.

परंतु घरकाम एका टोपलीत आणि काव्य दुसऱ्या टोपलीत, अशी वाटणी आमच्या मुलखात कधी नव्हती. आमच्या आईचे जाते पाहिलेले आम्हांस चांगले आठवते. पहाटे तीन-साडेतीनला ती उठे. खुंट्याला हात घातला की घरघर सुरू होई, तोंडात मूठमूठ ज्वारीची वैरण पडे, आणि त्या घरघरीवरच ओवी निघे. पहिली देवाला, मग माहेरच्या भावाला, मग आम्हां पोरांची नावे. झोपेत आपले नाव ऐकू आले की उठण्याची वेळ झाली असे समजावे. पुढे गावात गिरणी आली. 1972 च्या दुष्काळात जाते भिंतीकडेला गेले, ते पुन्हा मध्ये आलेच नाही. जात्याबरोबर ओवी गेली. आईला एकदा आम्ही सांगितले की, माय, ती ओवी म्हण ना. तिला दोन आठवल्या, तिसरी अर्ध्यावर थांबली. म्हणाली, "खुंटा हातात नसला की सुचत न्हाई रे."

तेव्हा आम्ही शहाणपण करून म्हणालो की, गिरणीने ओवी खाल्ली. त्यावर माय जे बोलली ते अजून कानात आहे. "तुमाला पडल्या पडल्या ओवी ग्वाड लागती. दळून बघितलं का कधी? आमच्या हाताला घट्टे पडले. गिरणी आली तवा म्या देवाला नारळ फोडला."

जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे बोलणे गाठीस बांधावे. त्यांत बहुतेक पुरुषच असतात, आम्हीही होतो. मात्र एवढेही सांगणे प्राप्त आहे की, गिरणीने वाचविलेली ती पहाट मायच्या वाट्यास आली नाही. त्या वर्षी ती आणि गावातल्या निम्म्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या आणि सुकडी घेऊन घरी येत होत्या. यंत्राने वेळ मोकळा केला म्हणजे तो वेळ गाण्यास मिळतो असे नाही. मोकळा वेळ कोणी घ्यावयाचा हे यंत्र ठरवीत नाही, घर ठरविते आणि पोट ठरविते.

त्या ओव्यांचे अगदीच मातेरे झाले नाही, ही गोष्ट समाधानाची. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दांपत्य 1980 नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडले आणि त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. 2017 पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. प्रत्येक ओवीपाशी गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले आहे. त्या नोंदींकडे पाहून आम्हांस म्हातारीचा प्रश्न पुन्हा आठवला. तेथे कोणी विचारले की, हे तुला कसे कळले, तर उत्तर देणारी बाई आहे.

आता जनाबाईंकडे येऊ. पंढरपुराजवळ गोपाळपुरास त्यांचे म्हणून जाते दाखवितात. वाचकांनी शेकडो कीर्तनांत ऐकले आहे की, देव जनीबरोबर दळू लागला, शेणी वेचू लागला, पाणी भरू लागला. देवाने काय काय केले याची यादी मोठी आहे. त्या यादीत एक गोष्ट नाही. देवाने जनीसाठी अभंग केला, असे कोणी सांगितलेले नाही. परंपरा सांगते की, जनी बोलली आणि पांडुरंगाने लिहून घेतले. जो चौदा भुवनांचा कर्ता त्याला चार चरण जड होते काय? दळण त्याने घेतले, लेखणीही घेतली, बोलणे मात्र जनीचे जनीपाशी ठेवले. आम्ही ही कथा चाळीस वर्षे सांगत आलो आणि देव न लिहिता लिहून घेतो याकडे आमचे लक्ष गेले ते म्हातारीने हात धरल्यावर.

शास्त्रात याचे मर्म आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आला आहे. यज्ञात व्रीही मिळाले नाहीत तर नीवार चालतात, म्हणजे द्रव्यास बदली आहे. ऋत्विज दक्षिणा देऊन आणता येतात. परंतु देवता बदलता येत नाही, मंत्र बदलता येत नाही, आणि यजमानाला तर प्रतिनिधी नाहीच, कारण फळ त्याला मिळावयाचे आहे. गुरुजींनी हे अधिकरण शिकविले तेव्हा आम्हांस ते कोरडे वाटले होते. आज वाटते की, सगळा वाद येथेच सुटतो. दळणाचे फळ पीठ. ते कोणी का दळेना, भाकरी तीच. तेथे गिरणी हा उत्तम प्रतिनिधी आहे. निरूपणाचे फळ मात्र सहा पाने हे नव्हे. ती तयार करताना सांगणाऱ्याच्या अंतःकरणात जी घालमेल होते, ज्या आठवणी उकराव्या लागतात, त्या घालमेलीतून जे हाती लागते ते फळ. तेथे यजमान आम्ही आहोत. आम्ही बदली माणूस पाठविला आणि प्रसाद मात्र आपण खाल्ला.

यावर एक शंका आहे आणि ती लहान नाही. गोरोबाकाका आमच्याच जिल्ह्यातील तेरचे. त्यांचे हात गेले तेव्हा देव कुंभार होऊन घरी आला आणि त्याने मडकी घडविली. मडके घडविणे ही कला नव्हे काय? मग देवाने कलाही केलीच की! आमच्या तालुक्यात खवा करणाऱ्या भट्ट्या पुष्कळ. दूध आटविताना हात थांबला की खवा लागतो. आता विजेवर फिरणारी कढई निघाली आहे, हात वाचतो. पण उतरवायचे केव्हा, हे जाणता माणूस वासावरून ओळखतो. यात मजुरी किती आणि कला किती, हे आम्हांस सांगता येणार नाही. ते काम करणाऱ्यानेच सांगावे.

परंतु गोरोबांचीच दुसरी कथा पाहा. संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून कच्चे कोण, पक्के कोण हे पाहिले. कच्चे कोण निघाले? नामदेवराय! ज्यांच्या मुखातून अभंग अखंड वाहत होता, ते. गोरोबांनी त्यांच्या अभंगांवर थापटणे मारले नाही, डोक्यावर मारले. अभंग उत्तम होते, भाजायचा होता तो माणूस, आणि त्यासाठी नामदेवांना औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे जावे लागले. शतकोटी अभंगांचा नामदेवांचा संकल्प प्रसिद्ध आहे. उरलेली संख्या पुरी करण्यास त्यांनी तुकोबांच्या स्वप्नात येऊन सांगितले. केवळ संख्याच हवी असती तर यंत्राने ती आता सहज भरून काढली असती. पण मग स्वप्नात कोणाच्या जायचे?

पुतण्यास हे सांगितले तेव्हा त्याने आम्हांस नीट कोंडीत पकडले. म्हणाला, "आप्पा, तुमचं निरूपण तरी तुमचं कुठं आहे? निम्मं गुरूंचं, निम्मं पोथीचं. वारकरी कीर्तनात स्वतःचा अभंग कोणी गात नाही, संतांचाच गातात. मग उसनं आणि उसनं, फरक काय?"

मुलगा हुशार आहे. आम्ही दोन दिवस विचार केला. उसने आहेच, पण त्या उसनवारीला सावकार आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते, ती सजावट नव्हे, जामीन आहे. गुरूंनी आम्हांस जे दिले त्यापायी त्यांनी काय सोसले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हातारीने विचारले असते तर सांगता आले असते की, माय, हे अमक्याचे, त्याच्यावर असा प्रसंग आला होता. पायताणांचा तो दृष्टान्तही कदाचित कोणा खऱ्या बापाच्या दुःखातून यंत्रात झिरपला असेल. पण तो कोण, कोठला, हे यंत्र सांगत नाही. ज्याचे दुःख आम्ही मंडपात वाटले त्याचे नावही आम्हांस ठाऊक नाही. पुतण्या यावर काही बोलला नाही. पटले की कंटाळला, कोण जाणे.

असो. गिरणीस आमची हरकत नाही. सुनांनी कपडे धुण्याचे यंत्र मागितले, ते गेल्या दिवाळीस आणले. भांडी घासणारे परवडेल असे निघाले तर तेही आणू. तोवर आमचे ताट आम्ही घासतो, ही सवय उशिरा लागली. पंचांग पाहणे, कोणत्या सप्ताहास कोणती तारीख दिली याचा हिशेब ठेवणे, हे सर्व पुतण्या यंत्रावर करतो आणि चुकत नाही.

त्याच गावचे बोलावणे यंदा पुन्हा आले आहे. म्हातारी असेल तर पहिल्या रांगेतच बसेल. तिला गाठून ती पाने आमची नव्हती हे सांगायचे आहे, आणि कीर्तनाआधी सांगावे की नंतर, हे अजून ठरत नाही. पुतण्याने विचारले, काही काढून ठेवू का? त्यास एस.टी.ची वेळ तेवढी पाहून ठेवण्यास सांगितले आहे.