मौनवाराचे दोन अपवाद

टीम लीड झालो आणि सगळ्यात आधी गेला तो सलग विचार करायचा वेळ. दर दहा मिनिटांनी कोणाचा तरी मेसेज, ‘दोन मिनिटं आहेत का?’ चामटोलीहून येऊन बदलापूरला पकडलेली सकाळची लोकल हीच काय ती निवांत जागा उरली, कारण तिथल्या गर्दीत हात खिशातल्या फोनपर्यंत पोचतच नाही.

मग मी रोज दहा ते बारा सगळी नोटिफिकेशन बंद केली. काम खरंच भराभर होऊ लागलं. तिसऱ्या आठवड्यात टीममधल्या एका ज्युनिअर मुलीला साडेदहाला घरून फोन आला, वडिलांना दवाखान्यात नेलंय. ती बारापर्यंत जागेवर बसून राहिली. ‘सर, तुमचं स्टेटस लाल होतं,’ एवढंच म्हणाली. वडील बरे झाले, पण तो दीड तास मला अजून बोचतो.

माझं लक्ष ही फक्त माझी मालमत्ता आहे का? ज्याच्या हातात दुसऱ्यांचे निर्णय आहेत, त्याने दार लावलं की बाहेर कोणीतरी ताटकळणारच.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं. दोघांनाही ही सलग शांतता सरकारने सक्तीने दिली. तिथे दाराशी कोणी येऊच शकत नव्हतं, त्यामुळे कोणाला आत घ्यायचं हा प्रश्नही नव्हता.

गांधींचं तसं नव्हतं. माणसांचा राबता असतानाच ते दर सोमवारी मौन पाळत आणि बोलायचं ते चिठ्ठीवर लिहीत. 2 जून 1947 हा सोमवार होता. फाळणीची योजना दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायची होती आणि गांधी माउंटबॅटन यांच्यासमोर बसले होते. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर त्यांनी लिहून कळवलं, की मौनाला आपण दोन अपवाद ठेवले आहेत: तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं आणि आजाऱ्याची सेवा. समोर खुद्द व्हाइसरॉय असूनही पहिला अपवाद त्यांनी त्या दिवशी वापरला नाही.

दुसरा अपवाद मात्र नुसता कागदावरचा नव्हता. 1939 मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधी स्वतः त्यांची मालिश करत. देशभरची कामं डोक्यावर असतानाही त्यासाठी त्यांच्याकडे वेळ होता.

हे वाचल्यावर मी माझ्या फोनची यादी उघडून पाहिली. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही वाजतील असे दोनच नंबर मी ठेवले होते, मॅनेजरचा आणि क्लायंटचा. म्हणजे पहिला अपवाद मला कोणी न शिकवता सुचला होता आणि दुसरा सुचलाच नव्हता.

वर दिसायला नियम सगळ्यांना सारखा होता. पण लाल दिवा मॅनेजरला अडवत नाही आणि नवी मुलगी त्याला घाबरून थांबते. सारखा नियम असा दुबळ्यावरच जास्त जोरात पडतो. म्हणून लक्ष कसं राखायचं यापेक्षा ते कोणासाठी मोडायचं, हे आधीच ठरवून सगळ्यांना सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आयत्या वेळी ठरवलं तर ज्याचा आवाज मोठा तोच आत येतो.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाचंच काम तातडीचं होईल. थोडं होईलही. पण तातडी कशाला म्हणायचं हे मीच ठरवायचं असेल, तर आधी मला विचारावं लागेल आणि नेमकं तेच तिला जमलं नव्हतं. तो निर्णय दार ठोठावणाऱ्यावर सोडायचा, तर चारदोन फुकटचे व्यत्यय सोसायला हवेत.

दहा ते बारा मी अजूनही बंद असतो. आता स्टेटसखाली एक ओळ आहे: ‘घरचं किंवा तब्येतीचं असेल तर सरळ फोन करा.’ आजवर दोन फोन आले. त्यातला एक थांबला असता तरी चाललं असतं. तसं मी त्याला सांगितलं नाही.