पिस्तूल रिकामं आहे, मग?

पॅरिस ऑलिंपिकमधला तो तुर्कस्तानचा नेमबाज आठवतोय ना? टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. 2024च्या जुलैअखेरीस युसुफ डिकेचचा तो फोटो आला नाही असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नसेल. 10 मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात त्याने आणि शेव्वल इलायदा तारहानने रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने कांस्य मिळवलं, पण मीम्स झाली ती डिकेचचीच. 'बाकीचे सगळे लटांबर घेऊन आले आणि हा घरून दूध आणायला निघाल्यासारखा आला', असा एकूण सूर. खिशातला हात ही स्टाइल आहे असं बऱ्याच जणांना वाटलं. या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. तो रिकामा हात हलू नये म्हणून कुणी खिशात घालतं, कुणी पट्ट्यात अडकवतं.

त्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पिस्तुलाच्या नळीत आरपार घालायची भडक रंगाची प्लास्टिकची दोरी. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. पिस्तूल पेटीतून काढताना ती नळीत असावी लागते, रेंज ऑफिसरची परवानगी मिळेपर्यंत काढता येत नाही आणि मॅच संपली की पिस्तूल रिकामं असल्याची तपासणी होऊन पुन्हा घालावी लागते. डिकेच 2008 ते 2024 अशी सलग पाच ऑलिंपिक खेळलेला माणूस. आपलं पिस्तूल भरलेलं आहे की रिकामं, हे त्याला कळत नसेल? तरी त्याने ती दोरी घालायची. काल रेंजवर आलेल्या बारा वर्षांच्या मुलीनेही घालायची, आणि त्यात फरक शून्य.

पहिल्या दिवशी कोच जे वाक्य सांगतात ते सगळीकडे साधारण एकच असतं: पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं. या वाक्यातलं 'समजायचं' मला फार दिवस खटकत आलंय. मराठीत 'समजणे' हे क्रियापद दोन उलट कामं करतं. 'मला गणित समजलं' म्हणजे खरं काय ते कळलं. 'समजा, क्ष म्हणजे 5' म्हणजे खरं काहीही असो, तूर्तास असं धरून चाला. रेंजवरचा नियम सांगतो की पहिलं समजणं बाजूला ठेवा आणि दुसऱ्यावर चाला. पिस्तूल रिकामं आहे हे तुम्हाला समजलंय, तरी ते भरलेलं आहे असं समजा. विचार करणाऱ्या माणसाला हे अपमानास्पद वाटू शकतं. मी डोळ्यांनी बघितलंय, हाताने तपासलंय, तरी मी खोटं धरून चालायचं?

हा आक्षेप हलका नाही. ऑस्ट्रेलियात शिकवणारे तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी 1956च्या एका निबंधात अशा वागण्याला 'नियमपूजा' म्हटलं होतं. नियम कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून असतो. एखाद्या वेळी तो मोडल्याने कुणाचंच नुकसान होणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तरी तुम्ही तो पाळताय, तर मग तुम्ही भल्यासाठी वागत नाही आहात, नियमाला नमस्कार करताय, असं त्यांचं म्हणणं. मला या युक्तिवादातला बाकीचा भाग पटतो. घोडं अडतं ते 'पक्कं माहीत आहे' या शब्दांपाशी.

21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' नावाच्या सिनेमाच्या सेटवर काय झालं ते बघा. सीनच्या तयारीसाठी अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. 'कोल्ड गन' असं सेटवर सांगितलं गेलं होतं, म्हणजे यात जिवंत काडतूस नाही. त्यात जिवंत काडतूस होतं. छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला, दिग्दर्शक जखमी झाले. सेटवरची शस्त्रं सांभाळणाऱ्या तरुणीला 2024मध्ये शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी रद्द झाला. कोर्टातल्या त्या घडामोडी वेगळ्या कारणांनी गाजल्या, त्यात इथे शिरत नाही. मला त्या प्रसंगातली एकच गोष्ट हवी आहे. 'रिकामं आहे' ही खात्री तेव्हा त्या सेटवर होती, आणि ती खऱ्या खात्रीसारखीच वाटत होती. चुकीची खात्री आतून वेगळी लागत नाही. तिला वास नसतो, ती लुकलुकत नाही. बरोबर असताना मला जसं वाटतं, तंतोतंत तसंच चूक असतानाही वाटतं. शंका आली तर माणूस पुन्हा तपासतोच, त्याला नियमाची गरज नसते. नियम लागतो तो शंका येत नाही तेव्हासाठी. म्हणजे स्मार्ट ज्या क्षणी नियम बाजूला ठेवायला सांगतात, नेमका तोच क्षण हा नियम पकडायला बसलेला असतो.

नेमबाजीत याला आणखी एक पदर आहे आणि बाहेरच्यांना तो सहसा माहीत नसतो. या खेळातला सरावाचा मोठा भाग रिकाम्या पिस्तुलाने होतो. त्याला ड्राय फायर म्हणतात. छर्रा न घालता पिस्तूल उचलायचं, श्वास सांभाळायचा, साइट जुळवायची, ट्रिगर हळूहळू मागे आणायचा, टक् आवाज झाला की हात कुठे हलला ते बघायचं. घरी कोऱ्या भिंतीसमोर दिवसातून शंभर-दोनशे वेळा. चांगला नेमबाज वर्षभरात हजारो वेळा ट्रिगर ओढतो आणि काहीच सुटत नाही. आता त्या बोटाच्या बाजूने विचार करा. त्याला काय शिकवलं जातंय? ट्रिगर ओढला तरी काही होत नसतं, हे. खेळात निपुण व्हायचं तर हे शिकावंच लागतं, नाहीतर प्रत्येक शॉटला हात दचकेल. पण त्याच सरावाने हत्याराविषयीची स्वाभाविक भीती झिजते. नवख्याला नियमाशिवायही भीती वाटते आणि ती त्याला सांभाळते. मुरलेल्याकडे भीती उरलेली नसते, म्हणून त्याच्याकडे दोरी हवी. डिकेचला ती बारा वर्षांच्या मुलीपेक्षा कमी लागत नाही, कदाचित जास्तच लागते.

आपल्याकडच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तिथे हे उलटं दिसतं. पाच-सहा छर्रे घ्यायचे, फुगा फुटला की बंदुकीसकट मागे वळून मित्राला म्हणायचं, 'बघितलंस का?' नळी सगळ्या गर्दीवरून फिरते. कुणाला काही वाटत नाही, कारण ती 'नुसती छर्र्याची' असते. रेंजवर वापरायचं एअर पिस्तूलही छर्र्याचंच, 4.5 मिलिमीटरचं. डोळा जायला तेवढं पुरतं.

आता शेजारच्या लेनवरच्या माणसाकडे या. तुम्हाला समजलंय की तुमचं पिस्तूल रिकामं आहे. त्याला कसं समजणार? तो तुमच्या डोक्यात डोकावू शकत नाही. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा असं तुम्ही म्हणू शकता, पण मग त्याला रेंजवरच्या चाळीस अनोळखी माणसांच्या स्वभावाचा हिशेब मांडत नेम धरावा लागेल. नळीतून बाहेर आलेलं दोरीचं ते टोक दहा पावलांवरून दिसतं. ते बघायला ओळख लागत नाही, भाषाही लागत नाही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न आपल्याकडे घराघरात फार भावुक होऊन विचारला जातो, आणि त्याला 'नाही' म्हटलं की भांडण ठरलेलं. रेंजवर हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे विश्वास मागितलाच जात नाही. मला ही मोठी सभ्यता वाटते. दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याचं ओझं न टाकणं हाही त्याचा मान राखणंच आहे.

आणि नशिबाचं काय? समजा, दोन नेमबाज आहेत. दोघांनीही गप्पांच्या नादात पिस्तूल हातात धरून मागे वळून नळी लोकांवरून फिरवली. एकाचं रिकामं निघालं, दुसऱ्याचं सुटलं आणि माणूस गेला. दोघांचा दोष सारखा की वेगळा? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976मध्ये या कोड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. आपला कायदा परिणाम बघतो. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव नुसता धोक्यात घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि त्याच निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत. दोघांच्या हातून घडलेली हालचाल तीच, मधला फरक एका छर्र्याचा किंवा काडतुसाचा. रेंजवरची जुरी मात्र कुणाला लागलं का याची वाट बघत नाही. पिस्तूल धोकादायक रीतीने हाताळलं, तर काहीही सुटलेलं नसताना खेळाडूला बाहेर काढता येतं. पोरं चिडतात. 'पण झालं तर काहीच नाही ना, सर!' त्या मुलाला वाटतं की आपल्याला न घडलेल्या गोष्टीची शिक्षा होतेय. खरं तर जे घडलं त्याचीच होतेय, फक्त त्याला ते घडल्यासारखं वाटत नाही. मला विचाराल तर या एका बाबतीत रेंज कोर्टापेक्षा जास्त न्यायी आहे. कोर्टाने तसंच करावं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण गेलेल्या माणसाच्या घरच्यांना दोन्ही नेमबाज सारखेच दोषी आहेत हे ऐकवणं मला जमणार नाही.

इथपर्यंत मी नियमाच्या बाजूने बोललो. आता जिथे माझा पाय अडतो तिथे येतो.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा भार पेलता आला पाहिजे. नळी उभी धरून ट्रिगरवर वजन अडकवतात आणि उचलतात. उचललं गेलं तर पास, ट्रिगर सुटला तर नापास. मॅचनंतर अचानक तपासणी होते, आणि त्यात ट्रिगर हलका निघाला तर साठ शॉट्स पाण्यात. 25 मीटर पिस्तुलाला हाच आकडा 1000 आहे. आणि 50 मीटर फ्री पिस्तूल, जे 2016च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेलं, त्याला किमान मर्यादाच नव्हती. म्हणजे 500मध्ये निसर्गाचं काही नाही, माणसांनी बसून ठरवलेली रेघ आहे. रेघ कुठेतरी हवीच, सगळ्यांना सारखी हवी, हे मान्य. स्प्रिंग झिजते, स्क्रू सैल होतो, म्हणून अधूनमधून वजन अडकवून बघणं हे खेळाडूचंच काम. खंडेनवमीला हत्यार पुसून हळद-कुंकू लावणं छानच दिसतं, पण ट्रिगर वर्षातून एका दिवसाच्या देखभालीवर चालत नाही.

खरी अडचण सिलिंडरची आहे. एअर पिस्तुलाच्या नळीखाली दाबलेल्या हवेची छोटी नळकांडी असते, साधारण 200 बारपर्यंत भरलेली. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. या सिलिंडरला मुदत असते, साधारण 10 वर्षं, आणि ती उलटलेली नाही ना हे बघायची जबाबदारी नियमाने खेळाडूवर टाकली आहे. दहा वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या धातूत असा काय बदल होतो? काहीच नाही. तो आणखी कित्येक वर्षं टिकेलही. इथे दोरीसाठी दिलेला माझा युक्तिवाद तितकाच लागू पडतो: आतून झिजलेला धातू बाहेरून चांगलाच दिसतो, आणि 'अजून मस्त चालतंय' ही खात्री काहीच सांगत नाही.

पण दोरी जवळपास फुकट मिळते. सिलिंडर मिळत नाही. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी मुलं सेकंडहँड पिस्तुलावर सुरुवात करतात किंवा क्लबचं एकच पिस्तूल चौघं मिळून वापरतात. जुनं पिस्तूल म्हणजे जुना सिलिंडर. त्यामुळे तोच नियम एका मुलीसाठी दुकानातून नवा सिलिंडर मागवण्याचा प्रश्न असतो, तर दुसरीसाठी हा सीझन खेळायचा की नाही याचा. ऐन वेळी बिघाड कुणाचाही होतो. टोकियोत 10 मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. देशाची आघाडीची खेळाडू, सोबत कोच, तरी ही गत. तालुक्याच्या गावातून स्पर्धेला एकट्या आलेल्या मुलीने काय करावं?

नियम तिच्यासाठी सैल करा असं मला म्हणता येत नाही. 200 बारला तिच्या बापाचा पगार कळत नाही, आणि फुटलाच तर तो तिच्याच हातात फुटेल. पण क्लब आणि संघटना 'जबाबदारी खेळाडूची' असं नियमावर बोट ठेवून मोकळ्या होतात तेव्हा मला ते पटत नाही. चाळीस मुलं शिकवणाऱ्या क्लबने वर्षाला दोन-तीन सिलिंडर विकत घेऊन मुलांना वापरायला देणं काही अशक्य नाही. फी घेतात, तेव्हा तीही चाळीस जणांकडून घेतात.

तोवर, कुणी सेकंडहँड पिस्तूल बघायला जाणार असाल तर ग्रिप हातात बसते का ते नंतर बघा. आधी सिलिंडर हातात घ्या, उजेडात या आणि त्यावर कोरलेली तारीख वाचा. विकणारा म्हणेल, 'त्याचं काही नाही हो, आपलं रोजचं वापरातलं आहे.' तो खोटं बोलत नसतो. तारीख तरीही वाचा, आणि उरलेली वर्षं मोजून मग किमतीवर बोला.