अवधानाचा नैवेद्य



श्रीज्ञानेश्वरमाउलींनी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवर निरूपण केले. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांपाशी एकच दान मागतात, ते म्हणजे अवधान. एवढ्या थोर वक्त्याने ही याचना का करावी? कारण माणसापाशी अवधान फार थोडे असते. एकीकडे दिले की दुसरीकडे उरत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही हेच सांगते. कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकाने १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्याच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळी भाषणे ऐकवावयाची आणि त्यांतील एक त्याने मोठ्याने म्हणत जावयाचे. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, एवढेच त्याला कळे. तेथे इंग्रजी जाऊन जर्मन भाषा सुरू झाली तरी पत्ता नसे! पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात श्रोत्याचे स्वतःचे नाव घातले. तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले.

ह्याचा अनुभव आपणांसही आहे. महाराज बाड्यावरील कोलाहलात कोणी आपल्या नावाने हाक मारली, तर मान आपोआप वळते. पूजेत यजमानाचे चित्त भलतीकडे असते. परंतु संकल्पात गुरुजींनी त्याचे नाव व गोत्र उच्चारले की तो सावरून बसतो. जे आपणास अत्यंत जवळचे, त्यालाच मनाच्या बंद दारातून वाट मिळते. नामस्मरणाचे मर्म मला येथेच दिसते. नित्य उच्चाराने भगवंताचे नाव आपल्या नावाइतके जवळचे झाले, म्हणजे संसाराच्या गलबल्यातही ते ऐकू येईल.

आता घराकडे पाहू. वृद्ध आई काही सांगत असते, आपली दृष्टी मोबाइलवर असते आणि मुखाने आपण 'हो, हो' म्हणतो. त्या क्षणी आई आपल्या दुर्लक्षित कानाशी बोलत असते. तिने काय सांगितले, हे नंतर आपणांस आठवत नाही. आपण ऐकले नाही, हे मात्र तिला कळलेले असते. देवापुढे पेढे ठेवणे सोपे आहे. मातेपुढे अवधान ठेवणे कठीण. पण तोही नैवेद्यच होय.

मन भटकते म्हणून कोणी खिन्न होऊ नये. चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून परत आणावे, असे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. मन जाईल, हे त्यांनी गृहीतच धरले. परत आणण्याचा अभ्यास तेवढा आपल्याकडे सोपविला.

तरी आरतीची पाच मिनिटे आणि घरातील वडीलधाऱ्यांपाशी पाव घटका, एवढे तरी अवधान आपण नित्य अर्पण करावे. ती सद्बुद्धी श्रीहरीने आम्हां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.