पाणमांजराची हत्या आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न

जरथुष्ट्री धर्माच्या अवेस्ता या ग्रंथसंग्रहातील वेंदिदाद हा भाग, ज्याचे पठण पारशी अग्यारींत रात्रीच्या विधीत होते, मुख्यतः शुद्धी आणि प्रायश्चित्त यांचे नियम सांगतो. त्याच्या चौदाव्या फर्गर्दात, म्हणजे प्रकरणात, उद्र अर्थात पाणमांजर मारणाऱ्यास दहा हजार फटक्यांची शिक्षा नेमलेली आहे. इतके फटके सोसून कोणी जगणे अशक्य असल्याने ही संख्या पापाच्या गुरुत्वाचे माप म्हणून वाचणेच सयुक्तिक ठरते. या कठोरतेमागची श्रद्धा तेराव्या फर्गर्दात येते: हजार कुत्रे आणि हजार कुत्र्या यांचे आत्मे मृत्यूनंतर जलस्रोतांकडे जातात, त्यांतून पाणमांजराची एक जोडी निपजते, आणि तिचा घात करणारा कुरणे सुकवणारे अवर्षण साऱ्या प्रदेशावर आणतो.

अपराध एकाचा आणि फळ सर्वांना, असा हा विचार असल्यामुळेच प्रायश्चित्तात शेतकऱ्याला वाहत्या पाण्याचा पाट आणि कसण्याजोगी जमीन देणेही येते. मात्र त्याच यादीत हजारो बेडूक मारण्याची आज्ञा आहे, कारण साप, बेडूक, मुंग्या हे अंग्र मैन्यू या दुष्ट शक्तीने निर्मिलेले ‘ख्रफ्स्त्र’, म्हणजे अपकारक जीव, मानले गेले. बेडूक हे पाणमांजराचे खाद्यच असल्याने हे प्रायश्चित्त मृताच्या भाऊबंदांच्याच तोंडचा घास काढते, ही विसंगती ग्रंथकर्त्यांना जाणवलेली दिसत नाही.

आज कार्यकारणाचा क्रम उलटला आहे. भारतातील पाणमांजराच्या तिन्ही जातींना कातड्यासाठी होणाऱ्या शिकारीइतकेच धरणांनी रोखलेले प्रवाह, वाळूउपशाने खचलेले काठ, सांडपाणी आणि सुरुंगाची मासेमारी घातक ठरते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ कराराने 2019 मध्ये यांपैकी दोन जातींना पहिल्या परिशिष्टात घेऊन त्यांच्या व्यापारी देवघेवीवर बंदी घातली (तिसरी आधीपासूनच तेथे होती), परंतु ही बंदी काठ खणणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. प्रायश्चित्ताचे शास्त्र हाती शस्त्र असलेला एक कर्ता गृहीत धरते. नदी मारणाऱ्यांत तसा कोणी सापडत नाही, म्हणून दोषच नाही असे मानणे सोयीचे असले तरी तर्काला धरून नाही. वेंदिदादच्या यादीतील पाण्याचा पाट परत देण्याचे कलम आजही लागू पडते, आणि त्याचे दायित्व वाळूच्या ठेकेदाराइतकेच त्या वाळूने घर बांधणाऱ्यावर आणि उपशाचा परवाना देणाऱ्या शासनावर येते.