गळती आणि पाझर

परसातलं माझं तळं लहानसंच, कमरेएवढं खोल. तळाला मुरूम, त्यामुळे पाणी ठरत नव्हतं. एक बादली भरून तळ्यातल्याच पायरीवर ठेवली आणि दोन्हीकडे खूण केली. आठ दिवसांत बादलीतलं पाणी तीन बोटं उतरलं, तळ्यातलं वीतभर. तीन बोटं उन्हाची, उरलेलं जमिनीचं. ही तूट मी रोज बोअर चालवून भरत होतो. शेवटी शेततळ्यात घालतात तो 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद आणला.

कागद पसरायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "तुमचं तळं झाल्यापासून आमचा आड मे महिन्यात आटत नाही," म्हणाल्या. तक्रार नव्हती, विनंतीही नव्हती. गुंडाळी मात्र ओसरीतच राहिली.

बांधाच्या आतून जिला गळती म्हणतात, तिलाच बांधाखालून पाझर म्हणतात. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रात लोकांनी दगडमाती वाहून पाझर तलाव बांधले, ते झिरपावेत म्हणूनच. मराठीत माणसाच्या मनालाही पाझर फुटतो, गळती लागत नाही.

पण मी काही द्यायला निघालो नव्हतो. हेतूशिवाय घडलेलं भलं थांबवलं, तर तो अन्याय ठरतो का? आधी वाटलं, नाही. जे दिलंच नाही ते काढून कसं घेणार? मग वाटलं, काकूंनी त्या पाण्यावर आपला उन्हाळा बेतला आहे, आणि आता ते मला ठाऊक आहे. न कळता घडणं आणि कळून थांबवणं एक नव्हे.

त्याहून अवघड गोष्ट नंतर सुचली. बोअर माझ्या हद्दीत आहे, पण खालचं पाणी हद्द ओळखत नाही. सगळ्यांच्या पायाखालचं उपसून त्यातलं थोडं परत मुरत होतं. ते दान नव्हतंच, अर्धीमुर्धी परतफेड होती.

कागद अखेर घातला. उपसून पुन्हा मुरवण्यात वीज जाते आणि ऊन आपला वाटा घेतंच. मात्र बोअरचं पाणी तळ्यात सोडणं बंद केलं. छपरावरचं पावसाचं पाणी आता आधी काकूंच्या आडाजवळच्या शोषखड्ड्यात जातं, उरलेलं तळ्यात. उन्हाळ्यात तळं कोरडं पडेल. आडाचं काय होईल, ते मे महिन्यातच कळेल.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."