आवणीचे दिवस

नारायणगावच्या एका तरुणाची रोपवाटिका होती. 2018 साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला, आजूबाजूला फार्महाऊसं वाढली, तसा तो बागा करून द्यायची कामं घेऊ लागला. हाताखाली डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची टोळी होती. टोळीची मुकादम एक पोक्त बाई. सगळे तिला मावशी म्हणत.

आषाढ लागला. मावशी म्हणाली, “दादा, पाऊस धरला. भाताची आवणी उरकून येतो. मागचा हिशेब तेवढा करा.”

ऐन लागवडीच्या दिवसांत टोळी निघाली म्हटल्यावर त्याचं डोकं फिरलं. “हिशेब परत आल्यावर,” तो म्हणाला. पैसे अडकले की माणसं झक्कत येतील, असा त्याचा होरा. मावशी बोलली नाही. टोळी गेली.

त्यानं नाक्यावरून रोज मिळतील ती माणसं आणली. माणसं कष्टाळू होती, पण कालचं सांगितलेलं आजच्याला ठाऊक नसे आणि हा सदानकदा फोनवर. थोड्याच दिवसांत चाफ्याची रांग पिवळी पडली. एक रोप उपटलं, तर मुळांभोवती काळी पिशवी तशीच. न फाडताच रोप खड्ड्यात गेलं होतं. दुसरं उपटलं, तेही तसंच.

आई म्हणाली, “पैसे अडवून माणूस अडत नाही रे. आवणीचा खर्च त्यांनी कशातून करायचा?”

पैसे घेऊन तो घोडेगावमार्गे वर गेला. मावशी पाठीवर प्लास्टिकची खोळ घेऊन गुडघाभर चिखलात वाकली होती. बरोबर सगळी टोळी.

“हे तुमचं खाचर, मावशी?”

“नाही, त्या म्हातारीचं. तिच्याकडं करणारं कुणी नाही, म्हणून आधी तिचं. माझं शेवटी.”

“मग मजुरी?”

“मजुरी कसली, दादा? हे खाचरसुद्धा पडकईनं बांधलंय.”

उन्हाळ्यात काही घरांनी मिळून, पाळीपाळीनं, एकमेकांच्या उतारावर बांध घालून भातखाचरं काढायची, ती पडकई. आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळ्यांची ही जुनी रीत. शाश्वत संस्थेनं तिला पुन्हा बळ दिलं. माणसं सांभाळायची विद्या शिकायला लोक कुठंकुठं जातात, मला ती या बांधांवर सगळ्यांत स्वच्छ दिसते. इथं पुढारपण करणारीचं खाचर शेवटी लागतं.

त्यानं पैसे मोजून मावशीच्या हातात दिले. पुढच्या वर्षी वैशाखातच तिला आवणीचा अंदाज विचारला आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, “खड्डे, माती, पाइप आषाढाआधी. रोपं आवणीनंतर.” एक मोठं गिऱ्हाईक त्यावरून तुटलं. त्यानं तुटू दिलं. टोळी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा हिशेब चुकता केला.

आवणी उरकून मावशी आली, ती वस्तीवरची नवी चार पोरंही घेऊन. पहिल्या खड्ड्याशी तो फोन बाजूला ठेवून बसला आणि पिशवी कशी फाडायची, ते त्या पोरांना स्वतः करून दाखवलं.