कासवाचा वारस

परवा सकाळी आमच्या शेजारीणबाईंनी कुंपणापलीकडून मला हाक मारली आणि वाटीभर साखर मागावी इतक्या सहज सुरात विचारले, "माझ्यामागे हर्बर्टला तुम्ही घ्याल का?"

हर्बर्ट म्हणजे कासव. पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे. आणि लहानसहान नव्हे, चांगले पंचेचाळीस किलोंचे. मी मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी राहायला आलो त्याला सहा वर्षे झाली. या परक्या मुलखात माझी सर्वांत आधी मैत्री जमली ती या हर्बर्टशी. दोघेही मितभाषी, दोघेही सकाळच्या उन्हाचे भोक्ते, आणि दोघांचेही मूळ घर दूरदेशी. त्याच्या जातीचा मुलूख आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला. बाईंनी तीस वर्षांपूर्वी आपल्या मुलासाठी त्याला दुकानातून आणले, तेव्हा तो तळहातावर मावत होता. तो वाढेल एवढे दुकानदाराने सांगितले. केवढा वाढेल, ते सांगितले नाही. मुलगा पुढे नोकरीनिमित्त दूर गेला. कासव अंगणात राहिले.

बाईंना आता वाकवत नाही, म्हणून त्याची उस्तवार मीच करतो. गवत आणि वाळलेला चारा हे त्याचे खरे अन्न. फळे तो मिटक्या मारीत खातो, पण ती त्याला मानवत नाहीत. उन्हाळ्यात तो जमिनीत खोल बीळ खणून बसतो. एकदा त्या बिळापायी कुंपणाचा खांबच कलंडला! हिवाळ्यातल्या गार रात्री त्याला ऊब असलेल्या खोपटात न्यावे लागते, कारण थंडीभर झोपून काढण्याची विद्या त्याच्या जातीला अवगत नाही. पाठ म्हणजे त्याने पांघरलेली ढाल, अशी माझी समजूत होती. तीही खोटी ठरली. ते कवच त्याच्या कण्याला आणि फासळ्यांना जुळलेले असते, आणि त्यावरून हात फिरवला तर तो त्याला कळतो.

चारा घालताना मला नेहमी संतांची कासवी आठवते. ती पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिलांना पोसते, हा दाखला आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकला आहे. प्रत्यक्षात कासवी अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिलाचे तोंडही ती पाहत नाही. रानातल्या पिलाला त्यावाचून काही अडत नाही. ते माणसाच्या अंगणात आले, की मात्र त्याला जन्मभर कोणाच्या तरी नजरेखाली राहावे लागते. ही गरज त्याची नव्हे. आपण त्याला लावून दिलेली.

आणि तो जन्म केवढा! ही कासवे सत्तर वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात. बाई ऐंशीच्या पुढे, मी चौऱ्याहत्तरचा. म्हणजे विनंती मला असली, तरी खरा प्रश्न माझ्या अकरा वर्षांच्या नातीला होता. तिने तो ऐकताच "हो" म्हणून टाकले. मी मात्र रागावलो. रात्री जेवताना मुलाला म्हणालो, "आपण हौसेने घेतलेले ओझे दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचे, हा कुठला न्याय? न विचारता दिलेला वारसा म्हणजे नुसता जुलूम!"

कासवांचा इतिहास पाहिला, तर तो असाच हातोहात चाललेला दिसतो. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गलेखकाकडे १७८० साली एक कासव आले, ते त्याची आत्या वारली म्हणून. आत्याने ते चाळीस वर्षे सांभाळले होते. व्हाइटने त्याच्या खाण्याझोपण्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि १७९३ साली तो गेला. कासव त्याच्यामागे वर्षभर राहिले. गंमत अशी, की सारे ज्याला टिमथी म्हणत, ती मादी होती, हे पुढे तिच्या कवचावरून कळले! सेंट हेलेना बेटावर १८८२ साली जोनाथन नावाचे कासव आणले, तेव्हाच ते पुरते वाढलेले होते. तिथल्या गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात ते राहिले. गव्हर्नर मात्र किती आले आणि गेले. २०२२ साली त्याचा १९० वा वाढदिवस झाला. त्याचे डोळे गेले, वासही कळेनासा झाला, तेव्हा माणसे त्याला हाताने भरवू लागली. ती माणसे त्याला आणणारी नव्हती. त्यांची पाळी आली होती, एवढेच.

मला वाटते, इथेच माझा राग थोडा निवळला. देवळातल्या पूजेची पाळी भाऊबंदांत फिरते, तेव्हा देव आपल्या मालकीचा झाला असे कोणी म्हणत नाही. आपल्या वर्षी पूजा नीट करावी आणि किल्ली पुढच्याच्या हाती द्यावी. मात्र घेणारा हात आधी शोधला पाहिजे, आणि त्याला "नको" म्हणायची मोकळीक पाहिजे.

हा विचार मनात घोळत असतानाच माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि मी चपापलो.

गावचे घर मोडले तेव्हा घरचे देव मी इकडे आणले: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा आणि भवानीचा टाक, आणि एक पूर्वजाचा. माझ्यामागे त्यांचे मुलाने करावे, हे मी गृहीतच धरले होते. सहा वर्षांत त्याला एकदाही विचारले नव्हते. आणि नातीची कड घेऊन न्यायाच्या गोष्टी मीच सांगत होतो!

दुसऱ्या दिवशी विचारले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी ठेवीन. पण टाकांचे कुळाचार मला येत नाहीत, आणि माझ्याच्याने व्हायचेही नाहीत. ते साताऱ्याला काकांकडे जाऊ देत. तिथे त्यांचे नीट होईल."

मला वाईट वाटले, ते लपवत नाही. पण तो खोटे "हो" म्हणाला असता, तर देवांचे काय झाले असते? फार तर कोणीतरी ते नदीत सोडले असते. शास्त्राने तेवढी वाट ठेवली आहे. हर्बर्टला ती वाट नाही. त्याला इथल्या वाळवंटात सोडावे, तर तो त्या रानाचा नव्हे, आणि त्याच्या रोगाची बाधा तिथल्या मूळच्या कासवांना होण्याचे भय. ज्याचे विसर्जन करता येत नाही, त्याच्याबाबतीत तरी भिडेखातर होकार देऊ नये.

संध्याकाळी मी बाईंना सांगितले, "हातपाय चालतात तोवर मी त्याचे करीन, मग मुलगा. त्याने विचार करून कबूल केले आहे. नातीला मात्र ती अठरा वर्षांची झाली की पुन्हा विचारू. आजचा तिचा होकार धरायचा नाही. ती नको म्हणाली, तर दुसरे घर आम्ही शोधू." बाई हसल्या. म्हणाल्या, "माझ्या मुलाला मी असे विचारले असते, तर बरे झाले असते."

टाक साताऱ्याला पोहोचते केले आहेत. यंदा लक्ष्मीपूजनाला देव्हारा जरा मोकळा दिसेल. नात म्हणते, तिथे एक दगडी कासव ठेवू. मी तिला म्हटले, "आधी अंगणातल्याला चारा घालून ये."